टायमिंग लाईट: खुणेपासून आकड्यापर्यंत
कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बॅसेडर, दोन्ही गाड्यांचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षण, अनेक गॅरेजांत कानाने किंवा बारा व्होल्टच्या बल्बने लावलं जाई. पॉइंट उघडताक्षणी बल्ब पेटतो, तिथेच डिस्ट्रिब्युटर आवळायचा. पद्धत खरी आहे, पण ती थांबलेल्या इंजिनाची. इंजिन धावू लागलं की डिस्ट्रिब्युटरमधली वजनं बाहेर सरकतात आणि ठिणगी आणखी लवकर पडते; यालाच ॲडव्हान्स म्हणतात. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजला असेल तर दर फेरीला तिची जागा हलते. बल्बला यातलं काहीच कळत नाही. टायमिंग लाईट मात्र पहिल्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीला लुकलुकतो, त्यामुळे फिरत्या पुलीवरची खूण थिजल्यासारखी दिसते. खूण नाचत असेल तर दोष बहुधा टायमिंगचा नसून डिस्ट्रिब्युटरचा असतो, हे त्याच क्षणी कळतं.

या लाईटच्या वाटचालीत पहिली सुधारणा उजेडाची झाली. सुरुवातीचे निऑनचे दिवे इतके मिणमिणते, की खूण पाहायला अंधार करावा लागे. एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात विजेच्या लखलखाटाचं तंत्र घडवलं. त्याच वाटेने आलेल्या झेनॉन नळीने भर दुपारी खूण वाचता येऊ लागली. दुसरी सुधारणा चिमट्याची: प्लगची वायर काढायची गरज उरली नाही, वरून चिमटा लावला की झालं. माझ्या मते खरी प्रगती एवढीच. नंतर आलेला ॲडव्हान्सचे अंश मोजणारा डायल आणि आकडे दाखवणारा पडदा सोयीचे आहेत, पण त्यांनी माणसाची नजर खुणेवरून आकड्यावर नेली, आणि आकडा खुणेहून खरा कधीच नसतो. काही पुल्यांत रबराचं कडं असतं. ते जुनं होऊन सरकलं, तर महागडा लाईटही चुकीचेच अंश दाखवतो. म्हणून पिस्टन वर असतानाची खूण आधी तपासायची, पॉइंटची गॅप लावायची (ती बदलली की टायमिंगही बदलतं), आणि लाईट त्यानंतर हातात घ्यायचा.

यावर रास्त आक्षेप असा, की जास्त वेगात पूर्ण ॲडव्हान्स किती मिळतो हे डायलशिवाय कसं मोजणार? पुलीवर जादा खुणा करून. १५० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा घेर सुमारे ४७१ मिलिमीटर, म्हणजे दहा अंशांना जेमतेम १३ मिलिमीटर. कागदी पट्टीने हे काम होतं, आणि पट्टीला बॅटरी लागत नाही. दुसरा आक्षेप कानाच्या बाजूचा: अनुभवी मेकॅनिकला लाईट कशाला? पण त्याचा कान ज्या इंधनावर तयार झाला, ते राहिलं नाही. शिसं २००० साली गेलं, आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सीएनजी सावकाश जळतो, त्याला ठिणगी आणखी आधी हवी. पुस्तकातला आकडा जुन्या पेट्रोलचा असल्याने तो सुरुवात मानावा, चढावर नॉकिंग ऐकून अंश-दोन अंश मागेपुढे करावं, आणि जमलेली जागा लाईटखाली पाहून नोंदवावी. ऐकण्याचं काम कानाचं, पण पुढच्या वेळी त्याच जागी परतायला मोजमाप लागतं.

जुनी एकच गाडी सांभाळणाऱ्याने झेनॉनचा, चिमट्याचा, बिनडायलचा लाईट घ्यावा. अनेक प्रकारची इंजिनं हाताळणाऱ्या गॅरेजला डायल उपयोगी पडेल. मात्र इंजिनाच्या एका पूर्ण चक्रात प्लगला दोन किंवा अधिक ठिणग्या देणाऱ्या इग्निशनवर काही डायल फसतात, तेव्हा पट्टीच्या दहा अंशांच्या खुणेशी डायल जुळतो का, हे आपल्याच इंजिनावर पाहून घ्यावं.