क्ष-किरणांचा माग: क्रॅब तेजोमेघापासून चंद्राच्या मातीपर्यंत

चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलं, तो क्षण साऱ्या देशाने डोळ्यांत साठवला. पुढे प्रज्ञान रोव्हरने सुमारे १०३ मीटरची वाट चालताना एपीएक्सएस या उपकरणाने २३ ठिकाणची माती तपासली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. हे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं, आणि त्याचे प्रमुख शास्त्रज्ञ संतोष वडवळे. याच वडवळे यांनी सुरुवातीच्या काळात टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या ए. आर. राव यांच्याबरोबर जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराच्या क्ष-किरणांवर काम केलं. पुढे क्रॅब तेजोमेघातला पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा स्पंदनशील तारा, आला, मग सूर्य, मग चंद्र. वरवर पाहता ही विषयांची धरसोड वाटेल. मला तसं वाटत नाही. क्ष-किरणांचा एकेक फोटॉन नेमका मोजणारा डिटेक्टर हा या साऱ्या कामाचा एकच धागा आहे. तो घडवणं, पारखणं ही संशोधनाची पूर्वतयारी नव्हे. संशोधन तिथेच सुरू होतं.

याचा सर्वांत ठळक पुरावा ॲस्ट्रोसॅटवर आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या या वेधशाळेवर सीझेडटीआय नावाचा कॅमेरा आहे. त्यात कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ६४ डिटेक्टर, प्रत्येकात २५६ चौकटी, प्रत्येक चौकट सुमारे अडीच मिलिमीटरची, जाडी ५ मिलिमीटर. कॅमेरा मुळात चित्र आणि वर्णपट घेण्यासाठी. पण जास्त ऊर्जेचा फोटॉन कधी कधी एका चौकटीत धडकून शेजारच्या चौकटीत विखुरतो, आणि दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी नोंद होते. तो कोणत्या दिशेला जास्त वेळा उडाला हे मोजलं, की किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, कळतं. एरवी गोंगाट म्हणून टाकून दिल्या असत्या, त्याच दुहेरी नोंदी इथे कामी आल्या. २०१८ साली वडवळे आणि सहकाऱ्यांनी क्रॅब पल्सारचं ध्रुवीकरण त्याच्या फिरण्याच्या टप्प्याटप्प्यांनुसार मोजून दाखवलं. स्पंदन मंदावलेलं असतानाही ध्रुवीकरण बदलत राहतं, हे त्यात दिसलं आणि पल्सारच्या प्रचलित प्रारूपांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. हा नशिबाचा भाग होता, असं कुणी म्हणेल. पण डिटेक्टर ध्रुवीकरण ओळखतो की नाही, याची चाचणी उड्डाणाआधीच प्रयोगशाळेत झाली होती. ती झाली नसती, तर या आकड्यांवर जगाने विश्वास ठेवला नसता. हे श्रेय एकट्याचंही नाही. अनेक संस्थांचे हात त्याला लागले आहेत.

हाच धागा पुढे सूर्याकडे आणि चंद्राकडे जातो. चांद्रयान-२ वरच्या, सूर्याचे क्ष-किरण मोजणाऱ्या एक्सएसएमने सूर्य अगदी शांत असताना, २०१९-२० मध्ये, अतिशय क्षीण अशा ९८ सूक्ष्मज्वाला टिपल्या. त्यातल्यासारखाच सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर एपीएक्सएसमध्येही आहे. क्युरियमच्या किरणोत्सारी स्रोतांनी माती उत्तेजित करायची आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखायची, अशी त्याची रीत. वऱ्हाडची काळी माती बेसाल्टची. तिच्यात लोह-मॅग्नेशियम भरपूर. लोणारचं विवरही बेसाल्टातच. चांद्रयान-३ उतरलं त्या, चंद्राच्या दक्षिणेकडच्या उंच प्रदेशात मात्र ॲल्युमिनियम-कॅल्शियमने समृद्ध फेरोअन ॲनॉर्थोसाइट आढळला. हे २०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. अपोलोने असे खडक आधीच आणले होते, मग यात नवं काय? नवं हे की अपोलोच्या जागा विषुववृत्ताच्या आसपासच्या होत्या. एकेकाळी सारा चंद्र वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलकी खनिजं वर तरंगून त्याचं कवच झालं, ही कल्पना खरी असेल तर दक्षिणेतही तेच सापडायला हवं. ते तिथे जाऊनच तपासायला हवं होतं, आणि ते तपासलं गेलं.

शेवटचा आक्षेप आपल्या मुलखातला: या साऱ्याशी अमरावती-अकोल्याचा काय संबंध? संबंध थेट आहे. ॲस्ट्रोसॅट आणि चांद्रयान-२ ची निरीक्षणं इस्रोने अभ्यासासाठी खुली केली आहेत. त्यासाठी अहमदाबाद गाठावं लागत नाही. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या हिंगोलीजवळ, औंढा नागनाथला, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. तिथेही डिटेक्टर समजणारी माणसं लागतील. ती इथल्या महाविद्यालयांतून यायची, तर भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी यंदापासूनच ही खुली निरीक्षणं विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत.