जुन्या ट्रॅक्टरला आल्टरनेटर बसविताना

योग्य निगा राखल्यास ट्रॅक्टरचे इंजिन अनेक वर्षे काम देते. त्यामुळे जुने ट्रॅक्टर आजही नांगरट व ओढकाम करताना दिसतात. परंतु त्यांपैकी काहींवर वीज निर्माण करणारा जुना डायनॅमोच असतो. दिवसाच्या कामात त्याची उणीव जाणवत नाही. ऊस हंगामात मात्र रात्री भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या रांगेत उभे राहावे लागते. अशा वेळी दिवे मंदावतात, ट्रॉलीचा मागील तांबडा दिवा दिसेनासा होतो आणि पहाटे बॅटरी उतरल्यामुळे इंजिन सुरू होत नाही. मागून येणाऱ्या वाहनास ट्रॉली न दिसणे हा तर जिवावरचा प्रसंग होय. अशा ट्रॅक्टरला आल्टरनेटर बसविणे हितावह ठरते. मात्र हा बदल करताना जुन्या काही सवयीही बदलाव्या लागतात.

डायनॅमो कोठे कमी पडतो

डायनॅमोमध्ये आर्मेचर फिरते व त्यात निर्माण झालेली सर्व वीज कॉम्युटेटर व कार्बन ब्रशांमधून बाहेर येते. इंजिन संथ गतीने चालत असता डायनॅमोचा विद्युतदाब बॅटरीच्या दाबाहून कमी पडतो. अशा वेळी कटआउट जोडणी तोडतो, म्हणजे दिव्यांचा सर्व भार एकट्या बॅटरीवर येतो.

हा भार किती असतो ते पाहावे. ४५ वॅटचे पुढील दोन दिवे, ३५ वॅटचा नांगराचा दिवा, ५ वॅटचे मागील चार दिवे व फलकावरील ५ वॅटचा एक दिवा मिळून १५० वॅट होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीवर याला सुमारे १२.५ अँपियर प्रवाह लागतो. अनेक जुन्या डायनॅमोंची क्षमता ११ ते २२ अँपियर असते आणि तीही वेग पुरेसा असतानाच मिळते.

आल्टरनेटरची रचना याच्या उलट आहे. त्यात चुंबकक्षेत्र निर्माण करणारा भाग फिरतो व वीज स्थिर वेटोळ्यांत निर्माण होते. ही उलटसुलट वाहणारी वीज डायोड एकाच दिशेची करतात. ब्रशांतून केवळ थोडा प्रवाह जात असल्याने ते अधिक टिकतात. तसेच आल्टरनेटर अधिक वेगाने फिरविता येत असल्याने इंजिन संथ चालत असतानाही काही प्रमाणात वीज मिळते. १९६० साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट मोटारीत तो बसविला व त्यानंतर त्याचा प्रसार वाढत गेला.

खर्च करण्यापूर्वी

बॅटरी उतरते एवढ्यावरून डायनॅमो निकामी ठरवू नये. पट्टा सैल नाही ना, बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर साचला नाही ना, बॅटरीतील पाण्याची पातळी योग्य आहे ना, सांगाड्याची जोडणी घट्ट आहे ना आणि ब्रश झिजले नाहीत ना, हे प्रथम पाहावे. ट्रॅक्टर केवळ दिवसा चालत असेल व डायनॅमो सुस्थितीत असेल, तर बदलाची निकड नाही.

बसविण्याची रीत

(१) प्रथम बॅटरीची सांगाड्याकडील तार सोडावी व काम पूर्ण झाल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी.

(२) बॅटरीचे कोणते टोक सांगाड्यास जोडले आहे ते पाहावे. ब्रिटनमध्ये १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. आल्टरनेटरसाठी सामान्यतः ऋण टोक सांगाड्यास लागते. असे असल्यास बॅटरी व अँपियरमापक यांच्या जोडण्या उलट कराव्यात. हे न केल्यास डायोड क्षणात जळतात.

(३) जुन्या रेग्युलेटर पेटीचा वापर बंद करावा. रेग्युलेटर आत असलेला आल्टरनेटर निवडल्यास काम सोपे होते. डायनॅमोच्या क्षेत्राची तार आल्टरनेटरला जोडू नये.

(४) आल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार टाकावी. ३५ अँपियरच्या आल्टरनेटरला निदान ६ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घ्यावी. जुना अँपियरमापक एवढा प्रवाह सोसणारा नसेल तर तो वगळून व्होल्टमापक बसवावा.

(५) चार्जिंगचा इशारादर्शक दिवा एका बाजूने किल्लीच्या स्विचला व दुसऱ्या बाजूने आल्टरनेटरच्या इशारा टोकास जोडावा. अनेक आल्टरनेटरांत प्रारंभीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. दिवा जळाला असल्यास आल्टरनेटर वीज देण्यास प्रारंभ करीत नाही.

(६) पट्टा सर्व पुल्यांवर एका रेषेत असावा. अंगठ्याने दाबला असता तो मध्यभागी १० ते १२ मिलिमीटर दबावा. काही ट्रॅक्टरांत तासमापकाची केबल डायनॅमोच्या मागील टोकावरून चालते. तिची सोय आधी पाहावी.

सोडावयाच्या सवयी

गावात एकाच बॅटरीवर दोन ट्रॅक्टर सुरू करण्याची रीत आढळते. इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून दुसरीकडे नेतात. डायनॅमो असताना हे निभावून जात असे. आल्टरनेटर चालू असताना बॅटरी काढल्यास विद्युतदाब एकदम उसळतो व डायोड आणि रेग्युलेटर निकामी होतात. म्हणून इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही सोडू नये. तार सांगाड्यास टेकवून ठिणगी पाहण्याची पद्धतही सोडावी. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करावयाचे असल्यास बॅटरीच्या व आल्टरनेटरच्या तारा आधी सोडाव्यात.

अखेरची तपासणी

इंजिन मध्यम गतीने चालवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमापक लावावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखविल्यास काम ठीक झाले असे समजावे. सर्व दिवे लावल्यावरही हा आकडा फारसा उतरता कामा नये. १५ व्होल्टच्या वर गेल्यास बॅटरीचे पाणी आटते, म्हणून रेग्युलेटर बदलावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी अशा ट्रॅक्टरांच्या मालकांशी व चालकांशी बोलावे. विशेषतः चालकास बॅटरीविषयीची सूचना प्रत्यक्ष समजावून द्यावी, कारण रात्री यंत्र त्याच्याच हाती असते. तसेच वीज पुरेशी मिळू लागली तरी ट्रॉलीच्या मागे तांबड्या परावर्तक पट्ट्या लावण्यात हयगय करू नये. दिवा केव्हाही जळू शकतो, परंतु स्वच्छ ठेवलेली पट्टी मागून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशात दिसते.