करार पाळणारा गद्दार कसा?

सोमवारी, 1 सप्टेंबर 2025 ला, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, बंद झाली. अलेक्झांडर इसाक न्यूकॅसल सोडून लिव्हरपूलला गेला, साडेबारा कोटी पौंडांना. ब्रिटिश फुटबॉलमधला हा तोवरचा सर्वांत महागडा सौदा. त्याच दिवशी क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार मार्क गेहीही साडेतीन कोटी पौंडांना लिव्हरपूलला जायचा होता, पण त्याच्या जागी ऐनवेळी माणूस मिळेना म्हणून पॅलेसने माघार घेतली. त्यानंतर चाहत्यांमध्ये एकच हिशेब चालू झाला. न्यूकॅसलने भाव वसूल केला, पॅलेसने हातचं घालवलं, कारण गेहीचा करार पुढच्या जूनमध्ये संपणार होता आणि मग तो क्लबला एक पैसाही न मिळता निघून गेला असता. या हिशेबात एक विलक्षण उलटापालट आहे. इसाकच्या कराराची तीन वर्षं शिल्लक होती. तरी तो लीगच्या पहिल्या सामन्यांना उतरला नाही, क्लबने शब्द मोडला असं जाहीरपणे म्हणाला आणि हवं तिथे जाऊन पोचला. तो व्यवहार ‘चांगला सौदा’ ठरला. उलट ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड सहाव्या वर्षी लिव्हरपूलच्या अ‍ॅकॅडमीत आला, पहिल्या संघासाठी 354 सामने खेळला, लीग आणि चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, आणि करार संपतोय, मी जातो, एवढंच म्हणाला. 11 मे 2025 रोजी आर्सेनलविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून मैदानात आला तेव्हा अ‍ॅनफिल्ड या घरच्या मैदानावर त्याचीच हुर्यो उडवली गेली. करार मोडू पाहणाऱ्याची किंमत होते आणि पाळणाऱ्याला गद्दार म्हटलं जातं, हे चाहत्यांनी एकदा थांबून तपासायला हवं.

आधी ट्रान्सफरच्या रकमेत नेमकं काय विकलं जातं ते पाहू. माणूस विकला जात नाही, त्याचे पायही नाहीत. कराराचा जो काळ उरला आहे तेवढ्यावरचा हक्क जुना क्लब सोडतो आणि त्याचे पैसे घेतो. इसाकची तीन वर्षं उरली होती म्हणून साडेबारा कोटी. गेहीचं एकच वर्ष उरलं होतं म्हणून साडेतीन. दोघांच्या खेळात फरक आहे, गोल करणारा नेहमीच बचाव करणाऱ्यापेक्षा महाग असतो, तरी एवढी तफावत निव्वळ गुणवत्तेची नाही. याचा सर्वांत लख्ख पुरावा ट्रेंटनेच दिला. त्याचा करार 30 जूनला संपत होता. तो पुढे ज्या क्लबकडे जाणार होता त्या रेआल माद्रिदला क्लब वर्ल्ड कपसाठी तो महिनाभर आधी हवा होता, तेवढ्यासाठी रेआलने लिव्हरपूलला सुमारे 1 कोटी युरो मोजले. म्हणजे जूनच्या तीस दिवसांची किंमत 1 कोटी युरो, आणि 1 जुलैला तोच खेळाडू, तीच उजवी बाजू, तेच क्रॉस, पण लिव्हरपूलला द्यायची रक्कम शून्य. जी वस्तू एका रात्रीत कोटीवरून शून्यावर येते ती खेळाडूची किंमत असूच शकत नाही. शिवाय ते पैसे हवेत विरतही नाहीत. ट्रान्सफर फी वाचली की त्यातला मोठा वाटा साइनिंग-ऑन फी (सही करताना मिळणारी रक्कम) आणि वाढीव पगाराच्या रूपाने खेळाडूकडे आणि त्याच्या एजंटकडे जातो. क्लबच्या खिशातून निघून खेळाडूच्या खिशात पैसे गेले, एवढंच घडतं.

मग चाहत्यांनी कोणत्या आकड्याकडे पाहावं? इथे सायमन कूपर आणि स्टेफान शिमान्स्की या जोडीचं म्हणणं सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण 2009 मध्ये आलेल्या ‘सॉकरनॉमिक्स’ या त्यांच्या पुस्तकाने हा वाद मुळातून हलवला, तरी चाहत्यांच्या गप्पांवर त्याचा म्हणावा तेवढा परिणाम झालेला नाही. कूपर पत्रकार, शिमान्स्की अर्थतज्ज्ञ. त्यांनी 1978 ते 1997 या काळातले 40 इंग्लिश क्लब घेतले आणि लीगमधलं प्रत्येकाचं सरासरी स्थान कशाने ठरतं ते तपासलं. क्लबांच्या स्थानांमधल्या फरकापैकी 92 टक्के फरक पगारावरच्या खर्चातून समजत होता. ट्रान्सफरवरच्या निव्वळ खर्चातून फक्त 16 टक्के. यामागचं त्यांचं स्पष्टीकरण पटणारं आहे. खेळाडूचा पगार खुल्या बाजारात ठरतो. तो दर आठवड्याला हजारो लोकांसमोर खेळतो, त्याचं काम कोणापासून लपत नाही, त्यामुळे चांगल्याला चांगला पगार मिळतोच. ट्रान्सफरच्या बाजारात मात्र घाई, भीती आणि मोठेपणा घुसतो. नवा मॅनेजर आला की त्याला स्वतःची माणसं हवी असतात, विश्वचषकात दोन सामने गाजवणाऱ्याचा भाव अकारण चढतो, आणि विंडो संपत आली की विकणारा अडून बसतो. यावर आक्षेप असा की जिंकणाऱ्या क्लबकडे पैसा येतो म्हणून तो पगार देऊ शकतो, कारण आणि परिणाम उलटे असतील. यात तथ्य आहे, एखाद्या हंगामापुरतं तसं होतंही. पण वीस वर्षांच्या सरासरीत ती बाब बरीच निवळते, आणि समजा अर्धा आकडा वजा केला तरी पगार ट्रान्सफर फीच्या कितीतरी पुढे राहतो. तेव्हा ज्या आकड्यावर आपण रात्र-रात्र वाद घालतो तो संघाच्या यशाबद्दल फारच थोडं सांगतो.

फिलिप कुटिन्योचं उदाहरण घ्या. जानेवारी 2018 मध्ये बार्सिलोनाने त्याला लिव्हरपूलकडून बोनस धरून सोळा कोटी युरोंच्या घरात विकत घेतलं. तो तिथे रुजला नाही. ऑगस्ट 2020 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत बायर्न म्युनिकने बार्सिलोनाचा 8-2 असा धुव्वा उडवला तेव्हा शेवटचे दोन गोल कुटिन्योचे होते. बार्सिलोनानेच त्याला बायर्नकडे उसना दिला होता! दुसऱ्या टोकाला पॅरिस सां-जर्मां. किलियन एम्बापे 2024 मध्ये करार संपवून रेआलकडे गेला, पॅरिसच्या हाती ट्रान्सफरचा एक युरोही आला नाही, आणि या क्लबचं वाटोळं झालं असं सगळीकडे लिहिलं गेलं. पुढच्याच हंगामात, 31 मे 2025 रोजी, म्युनिकमध्ये इंटर मिलानला 5-0 हरवून पॅरिसने पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली. एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही हे कबूल, पण ‘फुकट गेला म्हणजे बुडालो’ हा नियम नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

करार संपल्यावर मोकळं होण्याचा हक्क कोणी भेट म्हणून दिलेला नाही, आणि आज त्याला हिणवणाऱ्यांनी त्याची किंमत कोणी मोजली ते जाणून घ्यावं. पहिली ठिणगी न्यूकॅसलमध्येच पडली. 1960 मध्ये जॉर्ज ईस्टहॅमचा करार संपला होता, तरी तेव्हाच्या नियमानुसार क्लब त्याची नोंदणी अडवून ठेवू शकत होता आणि त्या काळात पगार देण्याचीही सक्ती नव्हती. ईस्टहॅमने खेळायला नकार दिला, सरे परगण्यात जाऊन बुचांच्या विक्रीची नोकरी धरली, आणि शेवटी क्लब नमला व त्याने ईस्टहॅमला 47,500 पौंडांना आर्सेनलला विकलं. तरीही ईस्टहॅमने क्लबवरचा खटला सोडला नाही. 1963 मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी अडवून ठेवण्याचा तो नियम अन्यायकारक ठरवला. पासष्ट वर्षांनी त्याच क्लबमध्ये इसाक खेळायला उतरला नाही म्हणून दोघांची तुलना झाली, पण ती चुकीची आहे. ईस्टहॅमचा करार संपलेला होता, इसाकचा चालू होता. न्यूकॅसलच्या चाहत्यांचा इसाकवरचा राग रास्त आहे. मार्चमध्ये वेम्बलीवर त्याच्याच गोलसह लीग कप जिंकून त्यांनी सत्तर वर्षांनी देशातली मोठी ट्रॉफी पाहिली होती, आणि पाच महिन्यांत तोच माणूस सही केलेल्या कागदाकडे पाठ फिरवून उभा राहिला.

दुसरा माणूस बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन. आरएफसी लिएजकडे त्याला महिन्याला सरासरी 1,20,000 बेल्जियन फ्रँक मिळत होते. 1990 मध्ये करार संपत आला तेव्हा क्लबने नव्या करारात 30,000 देऊ केले, महासंघाच्या नियमांत बसणारी किमान रक्कम. त्याने नकार दिला तर त्याला विक्रीच्या यादीत टाकलं, किंमत 1,17,43,000 फ्रँक. ज्याचा पगार चौथाईवर आणायच्या लायकीचा वाटला त्याचीच किंमत एक कोटीवर! फ्रान्समधला डंकर्क क्लब त्याला एका वर्षासाठी घ्यायला तयार होता, पण डंकर्क पैसे देऊ शकेल की नाही अशी शंका घेत लिएजने आवश्यक प्रमाणपत्रच पुढे जाऊ दिलं नाही आणि जुलै संपताना बोसमनला निलंबित करून टाकलं. तो युरोपीय न्यायालयापर्यंत लढला. 15 डिसेंबर 1995 रोजी निकाल लागला, करार संपल्यावर दुसऱ्या सदस्य देशात जाणाऱ्या युरोपीय खेळाडूसाठी पैसे मागता येणार नाहीत असा. तोवर बोसमन 31 वर्षांचा झाला होता. त्याला स्वतःला या निकालाचा काहीच उपयोग उरला नव्हता. आज साइनिंग-ऑन फी घेणारा प्रत्येक खेळाडू त्याचं देणं लागतो.

‘पण निष्ठा म्हणून काही आहे की नाही?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्याला मनापासूनच उत्तर द्यायला हवं. निष्ठा असते, फक्त ती दोन्ही बाजूंनी मागावी लागते. प्रीमियर लीगच्या 2025-26 हंगामापर्यंतच्या आर्थिक नियमांत तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नसे. अ‍ॅकॅडमीत घडलेल्या खेळाडूची खरेदी किंमत शून्य, म्हणून तो विकला की जवळपास सगळी रक्कम त्याच वर्षी नफा म्हणून दाखवता येई. परिणाम असा की आर्थिक वर्ष संपत आलं की घरच्या पोरांवर कुऱ्हाड येई. जून 2024 च्या अखेरीस न्यूकॅसलने आपल्याच भागातला, लहानपणापासून आपल्याकडे वाढलेला एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला दिला तो याच हिशेबापायी. तेव्हा चाहत्यांनी ‘नाइलाज’ म्हणून समजून घेतलं. क्लबला नाइलाज असतो तर तिशीकडे निघालेल्या खेळाडूलाही कारकिर्दीतल्या शेवटच्या मोठ्या कराराचा विचार करण्याचा हक्क असतो. आपल्याकडे तर 2025 मध्ये चित्र आणखी केविलवाणं होतं. इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या वादात अडकला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार स्थगित केले. क्लबची अडचण खरी असेल, पण करार क्लबला जड झाला तर तो थांबतो आणि खेळाडूला जड झाला तर तो पवित्र असतो, असं चालणार नाही.

आणखी एक आक्षेप असा की मोकळ्या खेळाडूंचा फायदा श्रीमंतांनाच होतो. रेआलने आलाबा, रुडिगर, एम्बापे आणि ट्रेंट याच वाटेने मिळवले, हे खरंच आहे. पण रेआलकडे ट्रान्सफर फी द्यायलाही पैसे असतातच. फीच्या बाजारात तर गरीब क्लबला दारही उघडत नाही. 1 सप्टेंबरच्या त्याच सोमवारी जेमी व्हार्डी लेस्टरमधली तेरा वर्षं संपवून, करारमुक्त होऊन, सेरी आमध्ये नुकत्याच वर आलेल्या क्रेमोनेझे या छोट्या क्लबकडे गेला. 38 वर्षांच्या खेळाडूसाठी फी मोजायची असती तर क्रेमोनेझेने त्याचा विचारही केला नसता.

खरा, न टाळता येणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि त्यावर ट्रेंटची हुर्यो उडवणारे बोलत नाहीत. फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरच्या रकमेतले 5 टक्के, खेळाडूला वयाच्या 12 ते 23 या वर्षांत ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटले जातात: 12 ते 15 या वर्षांसाठी दरसाल पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा. एखाद्या खेड्यातल्या क्लबला यातून अनेक वर्षांचा खर्च भागेल एवढी रक्कम मिळू शकते. पण फी शून्य तर 5 टक्केही शून्य. खेळाडू 23 च्या आत असेल तर प्रशिक्षण भरपाईचा वेगळा नियम आहे. पंचविशीत करार संपवून निघालेल्याच्या पहिल्या क्लबला काहीच मिळत नाही. लिव्हरपूलला ट्रेंटची भरपाई 354 सामन्यांत मिळाली. उद्या गोव्यातल्या गावच्या मैदानावर किंवा कोल्हापुरातल्या पेठेच्या संघात घडलेला कोणी युरोपात पोचला आणि करार संपवून दुसऱ्या क्लबकडे गेला, तर त्या मैदानाची भरपाई कुठून होणार?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये यावर एक तोडगा आहे. तिथे क्लब पैसे घेऊन खेळाडू विकत नाहीत. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातली, निवड अशी अदलाबदल होते. 1993 पासून तिथे खेळाडूंना करारमुक्त होऊन जाण्याची खरी मोकळीक मिळाली आणि ज्या संघाचे मोकळे झालेले चांगले खेळाडू गेले त्याला ठरावीक सूत्राने पुढच्या ड्राफ्टमध्ये जादा निवडी मिळू लागल्या. भरपाई लीग देते, ती खेळाडूच्या पायात बेडी घालून वसूल होत नाही. युरोपात ड्राफ्ट नाही, त्यामुळे ही रीत तशीच उचलता येणार नाही, पण तत्त्व घेता येईल. 5 टक्क्यांचा हिस्सा ट्रान्सफर फीवर न लावता, करारमुक्त खेळाडूच्या साइनिंग-ऑन फीवर आणि पहिल्या वर्षाच्या पगारावर लावावा, तो नव्या क्लबने भरावा. आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरची माहिती फिफाच्या संगणक प्रणालीत नोंदवावी लागते, आणि प्रशिक्षणाचे पैसे वाटण्यासाठी 2022 पासून पॅरिसमध्ये फिफाचं क्लिअरिंग हाउस चालू आहे. क्लब रक्कम लपवतील ही भीती आहे, म्हणून एजंटच्या कमिशनसह सगळा व्यवहार तिथूनच गेला पाहिजे. हा नियम असता तर रेआलने ट्रेंटला जे काही दिलं त्यातले 5 टक्के लिव्हरपूलकडे आले असते, आणि एम्बापेच्या रकमेतला वाटा त्याला घडवणाऱ्या पॅरिसच्या उपनगरातल्या बाँडी क्लबपर्यंत पोचला असता.