झडतीआधी मागायचा हक्क

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातली आणि साताऱ्याच्या खटाव-माणमधली कितीतरी घरे गलाईच्या धंद्यावर उभी राहिली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबाने भेसळ काढायची, टंच बघायचा आणि शुद्ध सोन्याची लगड तयार करायची, हे त्यांचे काम. पोटासाठी गाव सोडलेले हे गलाईवाले तमिळनाडूपासून बंगालपर्यंत सराफ बाजारांत सापडतात. त्यांचा माल लहान आणि किमतीचा असतो. तो बरोबर घेऊन रेल्वेने, बसने, विमानाने फिरावे लागते, आणि झडतीची वेळ त्यांच्यावरच जास्त येते.

कस्टमची झडती विमानतळावरच होते, असा सर्वसाधारण समज आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ मात्र तेवढ्यावर थांबत नाही. परदेशातून उतरलेल्या किंवा परदेशी निघालेल्या प्रवाशाची झडती कलम १०० खाली होते. कलम १०१ खाली मात्र सोने, हिरे, घड्याळे अशा ठरावीक वस्तूंसाठी अधिकार दिलेला अधिकारी देशात कुठेही माणसाला थांबवू शकतो. त्यावर कलम १२३ चा भार आहे. तस्करीचे असल्याच्या वाजवी समजुतीने सोने जप्त झाले, की ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडून जप्त झाले त्याच्यावर येते. लगडीवर मूळ दागिन्याची कोणतीच खूण उरत नाही. म्हणून गलाईवाल्याने वितळवणीची पावती आणि मालकाचे पत्र बरोबर ठेवणे अगत्याचे आहे.

एवढे कडक असलेल्या या कायद्यातच कलम १०२ आहे, आणि ते प्रत्येक प्रवाशाला पाठ हवे. अंगझडती सुरू होण्याआधी माणसाने मागणी केली, तर अधिकाऱ्याने त्याला विनाकारण वेळ न दवडता जवळच्या राजपत्रित कस्टम अधिकाऱ्यापुढे किंवा दंडाधिकाऱ्यापुढे न्यायलाच हवे. तिथे नेईपर्यंत त्याला थांबवून ठेवता येते. झडतीला वाजवी कारण नाही असे त्या वरिष्ठाला किंवा दंडाधिकाऱ्याला वाटले, तर त्याने प्रवाशाला तिथल्या तिथे सोडून द्यायचे असते. कारण दिसले तरच झडती होते. त्याआधी किमान दोन पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर झडती घ्यायची, जप्त केलेल्या वस्तूंची यादी करायची आणि तिच्यावर पंचांच्या सह्या घ्यायच्या. बाईची झडती बाईनेच घ्यायची, याला कायद्यात अपवाद नाही. अडचण एकच आहे, हा हक्क मागितल्यावरच मिळतो. घाबरलेला माणूस गप्प राहतो आणि कायद्याने दिलेली पायरी न मागताच ओलांडली जाते. “साहेब, मला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर न्या,” एवढे एक वाक्य पुरते.

पोटात किंवा शरीरात सोने लपवल्याचा संशय असेल तर कलम १०३ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उपायुक्त किंवा सहायक आयुक्ताच्या परवानगीने यंत्राने तपासणी करता येते. एक्स-रे काढायचा तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. माणसाने स्वतः कबुली देऊन तयारी दाखवली, तर गोष्ट वेगळी.

सांगलीचे नाव देशभर गाजले ते ऑगस्ट २०२० मध्ये. दिब्रुगडहून आलेल्या राजधानी एक्सप्रेसमधून नवी दिल्ली स्टेशनात उतरलेल्या आठ जणांकडे महसूल गुप्तचर संचालनालयाला ८३.६ किलो सोने सापडले. मुद्दाम शिवून घेतलेल्या बंड्यांमध्ये ५०४ बिस्किटे दडवलेली होती. प्रकरणाचे धागे सांगली जिल्ह्यात पोहोचले. तपास एनआयएकडे गेला आणि दहशतवादविरोधी कायदा, म्हणजे यूएपीए, लावण्यात आला. जून २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन देताना सांगितले, की देशाच्या आर्थिक सुरक्षेला किंवा चलनव्यवस्थेला धोका दाखवता येत नसेल, तर निव्वळ सोन्याची तस्करी म्हणजे दहशतवादी कृत्य नव्हे. तस्करीला यातून माफी मिळत नाही; कस्टम कायद्याची शिक्षा तशीच राहते. पण कस्टमचा आरोपी आणि दहशतवादी यांच्यातली रेघ न्यायालयाने आखून दिली, आणि माझ्या मते ज्या गावांची रोजीरोटी सोन्यावर आहे त्यांच्यासाठी ती मोलाची आहे.

परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांचा प्रश्न निराळा असतो. लेक लग्नकार्याला येते, अंगावर दागिने असतात आणि ग्रीन चॅनलमधून निघताना तिला अडवतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लंडनहून आलेल्या एका प्रवासी महिलेच्या प्रकरणात तिचे जप्त केलेले दागिने परत करण्याची भूमिका कायम ठेवली; स्वतःच्या वापराचे दागिने आणणे आणि तस्करी यांत फरक आहे. तरीही नवे दागिने, भेटवस्तू किंवा मर्यादेबाहेरचे सोने असेल तर रेड चॅनलला जाऊन घोषणा करणे शहाणपणाचे आहे.

अटक झाली तर कारणे लगेच सांगायची आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राधिका अग्रवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले, की कस्टम अधिकाऱ्यानेही अटकेची ठोस कारणे नोंदवली पाहिजेत आणि पोलिसांच्या अटकेतले संरक्षण इथेही लागू आहे. कलम १०८ खालचा जबाब मात्र जपून द्यावा. कस्टम अधिकारी पोलीस नसल्याने तो पुढे पुरावा म्हणून वाचला जातो. दबावाने घेतला असेल तर लगेच लेखी नाकारावा. उशीर झाला की न्यायालय शंका घेते.

जप्तीनंतर सहसा सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, पुढे आणखी सहा महिने वाढवता येतात. मुदतीत नोटीस आली नाही तर माल परत मागता येतो. ‘मला नोटीस नको’ असा छापील कागद प्रवाशापुढे ठेवून सही घेण्याची पद्धत २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमान्य केली. म्हणून पुढ्यात आलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नये. पंचनाम्याची प्रत आणि जप्तीची पावती मागून घ्यावी आणि त्यावरची तारीख नीट तपासावी, कारण सहा महिन्यांची मोजणी जप्तीच्या तारखेपासूनच सुरू होते.