नव्या वस्तीतली पहिली खोली

नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटर जातीय पक्षपात करते असा आरोप करीत अनेक बहुजन लेखक-वाचक मॅस्टोडॉनकडे वळले. बरेच परतलेही. या जाळ्याला एक मालक नाही. स्वतंत्र सर्व्हर परस्परांशी बोलतात. म्हणून दारातच प्रश्न: कोणता सर्व्हर? चाकणला मराठवाड्यातून आलेल्या पोराला गाववाला खोली मिळवून देतो (घरमालक आडनाव विचारतो, ते निराळे). इथे गाववालाच नाही. २०२३ मध्ये मॅस्टोडॉनने ॲपवर स्वतःचाच सर्व्हर पुढे केला. वाट सोपी झाली, पण गर्दी पुन्हा एकाच घरी! त्यापेक्षा आपल्यातल्या जाणत्यांनी सर्व्हर चालवावा, नियम मराठीत लिहावेत, नवख्याला पहिल्याच दिवशी ओळखीची माणसे दाखवावीत. घर पटले नाही तर वाचकांसह दुसरीकडे जाता येते. जुने लेखन मात्र मागेच राहते.