हातातली नोट किती रुपयांची?

दृष्टिहीन माणसाच्या हातात नोट पडली की ती किती रुपयांची हे त्याला कोणालाही न विचारता कळायला हवं. गेल्या तीसेक वर्षांत या साध्या अपेक्षेचं काय झालं?

१९९६मध्ये महात्मा गांधी मालिकेच्या नोटा आल्या. त्यांवर बोटांना जाणवतील अशा उठावदार खुणा होत्या : पन्नासच्या नोटेवर चौकोन, शंभराच्या नोटेवर त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. सोय चांगली होती, पण चार हात फिरून चुरगळलेल्या नोटेवरची खूण सपाट होते. त्यामुळे खरी भिस्त होती ती लांबीवर. पन्नासची नोट १४७ मिलिमीटर, शंभराची १५७, पाचशेची १६७, हजाराची १७७. दर पायरीला सरळ एक सेंटीमीटर वाढ! नोट बोटांवर गुंडाळली की टोक कुठल्या पेरापर्यंत येतं, यावरून हिशेब लागायचा. लोकलच्या गर्दीत पेनं आणि किचेन विकणाऱ्या अंध विक्रेत्यांचा धंदा या मापावर चालायचा.

नोव्हेंबर २०१६नंतर हे माप मोडलं. नवी पाचशेची नोट १५० मिलिमीटरची आली, पुढे दोनशेची १४६ आणि शंभराची १४२. फरक उरला चार मिलिमीटरचा. शिवाय शंभराच्या जुन्या नोटा चलनात होत्याच, म्हणजे जुनी शंभराची नोट नव्या पाचशेपेक्षा लांब! वर्षानुवर्षं बोटांत मुरलेलं ज्ञान उलटंच पडलं. कडांवर तिरक्या उठावदार रेषा दिल्या होत्या, शंभरावर चार, पाचशेवर पाच. पण ट्रेन सुटायच्या घाईत त्या मोजायच्या कशा? हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि नोटांचा आकार बदलण्याची गरज काय, असा प्रश्न न्यायालयानेही रिझर्व्ह बँकेला विचारला.

१ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ हे अ‍ॅप आणलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं, इंटरनेटही लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही. दुकानातला ‘इतके रुपये मिळाले’ असं बोलणारा यूपीआयचा डबा अंध विक्रेत्याला याहून जास्त उपयोगी पडला, असं मला वाटतं. गिऱ्हाइकाने किती पैसे दिले, ते त्याला तिथल्या तिथे ऐकू येतं.

तरीही फोन हा पर्याय आहे, हक्काची भरपाई नव्हे. चार्जिंग संपतं, आणि भर बाजारात एका हातात काठी, एका हातात पिशवी असताना फोन काढणं धोक्याचंही असतं. पुढची मालिका काढण्याआधी नोटांचे नमुने अंध व्यक्तींच्या हातात देऊन पाहावेत, आणि लांबीतला तो एक सेंटीमीटर परत आणावा. तोपर्यंत आपण एवढं तरी करावं : अंध विक्रेत्याला पैसे देताना प्रत्येक नोट किती रुपयांची आहे, ते स्पष्ट सांगून त्याच्या हातात द्यावी.