तिकीट स्वस्त, सफर महाग

मायामीच्या बंदरातून निघून सात रात्री कॅरिबियन समुद्रात फिरवून आणणाऱ्या क्रूझ जहाजाचे भाडे त्याच शहरातील बेताच्या हॉटेलात तितक्याच रात्री राहण्याच्या खर्चापेक्षा कित्येकदा कमी असते. शिवाय या भाड्यात निवासाबरोबर तिन्ही वेळचे जेवण, संध्याकाळचे करमणुकीचे कार्यक्रम आणि तीन-चार बंदरांचे दर्शन अंतर्भूत असते. अमेरिकेत मुलामुलींकडे गेलेल्या मराठी आईवडिलांसमोर अशी जाहिरात आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इतक्या थोड्या पैशांत हे यांना परवडते तरी कसे? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ज्याला कळले त्याला सागरविहाराचे अर्थशास्त्र निम्म्याहून अधिक कळले असे म्हणावयास हरकत नाही.

उत्तर असे की तेवढ्यात ते परवडत नाही, आणि परवडावे अशी कंपनीची अपेक्षाही नसते. घरच्या विजेच्या बिलात ‘स्थिर आकार’ आणि वापरलेल्या युनिटांचा आकार अशी दोन कलमे असतात. क्रूझचे तिकीट हे त्यांपैकी पहिले कलम होय. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली डिस्नेलँडच्या करमणूक-उद्यानाचे उदाहरण घेऊन अशा दुहेरी आकारणीचे प्रसिद्ध विवेचन केले. प्रवेशाचे पैसे किती ठेवावेत आणि आतल्या पाळण्यांचे किती, हा त्याचा प्रश्न होता. क्रूझ कंपन्यांनी प्रवेश स्वस्त ठेवून पाळणे महाग करण्याचा मार्ग पत्करला. या व्यवसायातील सर्वांत मोठ्या कार्निव्हल समूहाचे २०२४ या आर्थिक वर्षातील उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होते. त्यापैकी साडेआठ अब्ज डॉलर, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे अधिक, तिकिटांतून नव्हे तर जहाजावरील विक्री व तत्सम बाबींतून आले. मद्य, जुगारघर, छायाचित्रे, मालिश, इंटरनेट आणि बंदरांवरील सहली ही त्या विक्रीची मुख्य दालने होत.

याला जोड मिळते ती रिकाम्या केबिनच्या स्वभावाची. मंडईतील पालेभाजी संध्याकाळी उतरत्या भावाने विकली जाते, कारण दुसऱ्या दिवशी तिला कोणी विचारीत नाही. जहाजाने नांगर उचलल्यावर रिकामी राहिलेली केबिन तर त्या क्षणीच वाया जाते. म्हणून ती कोणत्याही भावाने भरलेली कंपनीला हवी असते; आत आलेला प्रवासी पुढे खर्च करणारच, हा हिशेब त्यामागे असतो. तिसरे कारण कागदोपत्री आहे. ही जहाजे बहुधा बहामा, पनामा यांसारख्या देशांचे निशाण लावतात. कार्निव्हल १९७४ साली पनामात नोंदली गेली, तर रॉयल कॅरिबियन १९८५ साली लायबेरियात. अशा परदेशी नोंदणीच्या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय जलवाहतुकीच्या उत्पन्नास अमेरिकेच्या करकायद्यात सवलत मिळते, आणि जहाजावरील नोकरवर्गास अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. तिकिटाच्या स्वस्ताईत या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे.

प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहावा. समजा, एका जोडप्याने करांसह माणशी ७०० डॉलरचे सात रात्रींचे तिकीट काढले. म्हणजे १,४०० डॉलर झाले. दर दिवशी माणशी १७ डॉलर बक्षिसी आपोआप खात्यावर चढते, तिचे २३८. एका फोनपुरते इंटरनेट रोज २० डॉलर धरले तर १४०. दोन बंदरांवर माणशी ८० डॉलरच्या सहली घेतल्या तर ३२०. बेरीज २,०९८ डॉलर, आणि त्यात मद्याचा एक थेंबही नाही. मद्याची ‘अमर्याद’ योजना रोज माणशी ७० डॉलरला घेतली तर तिच्यावर १८ टक्के सेवाशुल्क धरून आणखी सुमारे १,१५६ डॉलर होतात. म्हणजे १,४०० डॉलरची सफर ३,२५४ डॉलरवर जाते. ही रक्कम काल्पनिक जोडप्याची असली तरी तिच्यातील कोणताही दर अवास्तव नाही.

यावरून क्रूझवर जाऊच नये असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. दुहेरी आकारणीत पहिले कलम भरून दुसऱ्याकडे पाठ फिरविणाऱ्याचा फायदाच असतो. मद्य न घेणारे, जुगार न खेळणारे आणि खिडकीवाचून झोप येणारे मध्यमवर्गीय दांपत्य हे कंपनीच्या दृष्टीने फारसे किफायतशीर गिऱ्हाईक नव्हे, आणि त्यातच त्या दांपत्याचा लाभ आहे. आतल्या बाजूची केबिन सर्वांत स्वस्त असते, आणि दिवसाचा बहुतेक वेळ डेकवर जात असल्याने तिची उणीव फारशी भासत नाही. केबिनचा क्रमांक निवडण्याचा आग्रह सोडला तर भाडे आणखी उतरते. सवलतींचा मोठा हंगाम जानेवारी ते मार्च असा असतो. पूर्ण रक्कम भरण्याची मुदत उलटण्यापूर्वी भाडे उतरले, तर पुष्कळ कंपन्या मागणी केल्यास फरक वळता करून देतात. मात्र मागणी प्रवाशानेच करावी लागते. एकट्या माणसाने विशेष सावध असावे, कारण दोघांच्या केबिनचे जवळजवळ दुप्पट भाडे त्याच्याकडून घेतले जाते. ‘नॉर्वेजियन एपिक’ या जहाजाने २०१० साली एकट्यांसाठी वेगळ्या लहान केबिन काढल्या, तेव्हापासून काही जहाजांवर ही अडचण थोडी कमी झाली आहे.

काही खबरदाऱ्या पैशांपेक्षाही महत्त्वाच्या आहेत. जहाज सुटताच फोन विमान-स्थितीत टाकावा, अन्यथा जहाजाच्या उपग्रह-जाळ्याला जोडला जाऊन तो भलतेच बिल आणतो. जहाजावरील दवाखाना मोफत नसतो. समुद्रप्रवास व तातडीची रुग्णवाहतूक अंतर्भूत असलेला विमा हवाच. बंदरावर स्वतंत्र टॅक्सी करणे स्वस्त पडते, पण कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतःच्या हिमतीवर गेलेल्यासाठी थांबेलच असे नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या जहाजांना केवळ अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करता येत नाही. त्यामुळे मायामीहून सुटलेले जहाज परदेशी बंदराला जाऊनच परतते. म्हणजे प्रवासी देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येतो, आणि त्याचा व्हिसा अनेकवार प्रवेशाचा असावा लागतो.

आता सवलतींचे पाहू. जुन्या प्रवाशांसाठी श्रेणी असतात : जितक्या रात्री अधिक, तितकी श्रेणी वरची आणि फुकट कपडेधुलाई किंवा पेय यांसारखे लाभ थोडे अधिक. काही कंपन्या किमान १०० शेअर बाळगणाऱ्या भागधारकांना सफरीच्या लांबीप्रमाणे ५० ते २५० डॉलरपर्यंतची खर्चाची मुभा देतात. जुगारघरात भरपूर पैसा घालविणाऱ्याला पुढची सफर ‘मोफत’ मिळते. यांपैकी कोणतीही गोष्ट दान नव्हे. ज्या प्रवाशाने हिशेब ठेवला नाही त्याच्या खिशातून ती आलेली असते, अथवा ज्याला दिली त्याच्याच खिशातून आधी गेलेली असते. सवलत आयती हाती आली तर अवश्य घ्यावी. सवलतीसाठी सफर करू नये.

मात्र खर्च वाचविण्याच्या या शहाणपणाला एक मर्यादा आहे, आणि ती न सांगता हा विषय संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. रोजच्या बक्षिसीची रक्कम स्वागतकक्षात सांगून काढून टाकता येते, असा सल्ला अनुभवी प्रवासी नवख्यांना मोठ्या हौसेने देतात. पण ही बक्षिसी केवळ नावाची बक्षिसी आहे. वस्तुतः केबिन झाडणाऱ्या व ताटे उचलणाऱ्या माणसाच्या वेतनाचाच तो भाग कंपनीने प्रवाशावर ढकललेला असतो. या नोकरवर्गात गोव्याची आणि मुंबईची माणसे वर्षानुवर्षे आहेत. त्यांनी धाडलेल्या पैशावर गोव्यात कितीतरी घरे उभी राहिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २०१३ मध्ये अमलात आला. त्याने विश्रांतीची किमान मर्यादा घातली, ती चोवीस तासांत दहा तासांची. कराराने दिलेले संरक्षणच इतके असेल, तर कामाचा दिवस किती लांब असू शकतो हे वेगळे सांगावयास नको. एप्रिल २०२० मध्ये साथीच्या काळात मुंबईनजीक समुद्रात थांबलेल्या जहाजावरील भारतीय कर्मचाऱ्यांना स्वतःच्या देशाच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी परवानगीची वाट पाहावी लागली होती. स्वस्त तिकिटाचा उरलेला भाग कोण भरतो, हे त्या दिवसांत उघड दिसले. मद्याची योजना नाकारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. चौदा रुपयांची जुडी दहाला मागावी तशी माणसाच्या मजुरीत घासाघीस करणे हा हक्क नव्हे.

खरा उपाय प्रवाशाच्या चतुराईत नसून किमतीच्या पारदर्शकतेत आहे. कॅलिफोर्निया राज्याचा छुप्या शुल्कांविरुद्धचा कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला, तेव्हा प्रमुख क्रूझ कंपन्यांनी केवळ त्या राज्यात नव्हे तर अमेरिकाभर जाहिरातीतील भाड्यात बंदरशुल्क व कर मिळवून दाखविण्यास प्रारंभ केला. एका राज्याने आग्रह धरला आणि वर्षानुवर्षे ‘अशक्य’ असलेली गोष्ट शक्य झाली. बक्षिसी मात्र त्या आकड्याबाहेरच राहिली. तीही भाड्यात मिळवून वेतन म्हणून द्यावी, ही पुढची मागणी असावयास हवी.

हा विचार मुंबईलाही परका नाही. येथून २०१९ साली सुरू झालेली ‘कर्णिका’ जहाजाची सेवा पुढच्याच वर्षी बंद पडली आणि ते जहाज अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाले. २०२१ पासून दुसऱ्या कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज गोवा व लक्षद्वीपच्या सफरी करू लागले. आगाऊ भरलेल्या पैशाचे काय होते, भाड्याच्या आकड्यात काय येते आणि काय येत नाही, हे प्रश्न आता घरच्या बंदरातही विचारावे लागणार. तिकीट काढताना किमतीचा आकडा पाहण्याऐवजी संपूर्ण सफरीचा खर्च कागदावर मांडावा, त्यात मजुरीचा रकाना प्रथम भरावा, आणि मग बेरीज झेपली तरच जहाजाची शिडी चढावी. एवढे केले म्हणजे समुद्राचा आनंद खरोखरच स्वस्त पडतो, आणि तो दुसऱ्या कोणाच्या पैशाने घेतल्याची टोचणीही मनाला राहत नाही.